लायल हौगेनची स्पॅनिश

लायल हौगेनला स्पॅनिश येते, ही अफवा खुद्द लायल हौगेननेच पसरवली होती. दुसऱ्या कुणाला तेवढा रिकामा वेळ नव्हता.

झालं असं, की फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी त्याची सात वर्षांची लेक ब्रिटा शाळेतून आली, दारातच बर्फाचे बूट उपसून काढले आणि म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी माझी पाळी आहे. घरातलं एक मोठं माणूस वर्गात न्यायचं आणि दोघांनी मिळून काहीतरी करून दाखवायचं. सगळं स्पॅनिशमध्ये. मी आईला नेणार."

आई, म्हणजे मार्ना, दातांच्या दवाखान्यात कामाला. शुक्रवारी तिथे अख्ख्या तालुक्याच्या दाढा येतात. "मला नाही गं सुटी मिळायची," ती म्हणाली.

"मग मी येतो की," लायल म्हणाला. "दोन वर्षं होती मला स्पॅनिश, शाळेत."

ब्रिटाने बापाकडे पाहिलं. भूल देणारा डॉक्टर झिंगत आत येताना दिसला तर पेशंट जसा पाहील, तसं.

त्या दोन वर्षांतून लायलच्या पदरात पडलं होतं ते एवढंच: दहापर्यंतचे आकडे, त्यातला सात कधीच आठवायचा नाही म्हणून तो सहावरून थेट आठवर उडी मारायचा, आणि 'नो, ग्रासियास', म्हणजे 'नको, आभारी आहे'. एवढ्या भांडवलावर माणसं आमच्याकडे निवडणुका लढवतात. लायल फक्त दुसरीच्या वर्गात जाणार होता.

आता ही शाळा. घंटा झाली की सगळं स्पॅनिशमध्ये. गणित स्पॅनिशमध्ये, गोष्ट स्पॅनिशमध्ये, शू लागली तीही स्पॅनिशमध्ये. अमेरिकेतल्या आमच्या हाल्डन गावात तिथे पोर घालायला आईबाप चिठ्ठ्या टाकतात, आणि चिठ्ठी लागली नाही तर रडतात. याच हाल्डनमध्ये टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यातले निम्मे कामगार घरी स्पॅनिश बोलतात. त्यांच्या बायका किराणा दुकानात आल्या की आम्ही त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश इंग्रजी बोलतो, जणू त्या बहिऱ्या आहेत. कारखान्यातल्या बाईच्या तोंडी स्पॅनिश असली की ती अडचण, आणि गारपिटीच्या विम्याच्या कचेरीतल्या लायल हौगेनच्या पोरीच्या तोंडी असली की ती हुशारी. यात काही विचित्र आहे असं आम्हाला वाटत नाही. वाटलंच तर आम्ही बोलत नाही. गप्प बसणं हा आमचा मूळ धर्म, चर्च त्यानंतर.

शनिवारी लायल दारातला बर्फ ओढत असताना शेजारचा व्हर्जिल ओपसाल फावड्यावर रेलून उभा राहिला. व्हर्जिलला जगातल्या प्रत्येक विषयातलं कळतं आणि ते सगळं फावड्यावर रेलूनच कळतं.

"आठवडाभर जाऊन बस त्या वर्गात," तो म्हणाला. "पोरं कशी शिकतात? कुत्र्याची पिल्लं पोहायला शिकतात तशी. दे ढकलून पाण्यात. सोमवारी उडी मार, शुक्रवारी पोहतोस बघ."

"आणि बुडलो तर?"

"दुसरीच्या वर्गात कोण बुडतं रे?"

मार्नाने ऐकलं तेव्हा ती भांडी पुसत होती. "लायल," ती म्हणाली, "हॉटेलात सूप गार आलं तर तुला इंग्रजीत सांगता येत नाही. तू स्पॅनिशमध्ये काय सांगणार?"

"काही अगदीच गार नव्हतं ते," लायल म्हणाला, आणि चिडून त्याने कचेरीत आठवड्याची रजा टाकली. ही रजा तो दरवर्षी गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरण्यासाठी राखून ठेवतो. मासे त्या वर्षी वाचले.

पण शाळेत फुकट बसायलाही परवानगी लागते. जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीत खिडकीमागे लव्हॉन बसलेली होती. लायल आणि लव्हॉन बालवाडीपासून एका वर्गात. चर्चच्या नाटकात ती देवदूत होती आणि तो मेंढी.

"नाव?" लव्हॉन म्हणाली.

"अगं लव्हॉन, मी."

"नाव?"

त्याने नाव सांगितलं. मग तिने त्याचे ठसे घ्यायला यंत्र पुढे केलं. यंत्राने ठसे नाकारले. त्याने बोटं चोळली, फुंकली, काखेत धरली. यंत्र म्हणालं, हे बोटच नाही.

"थंडीने होतं असं," लव्हॉन म्हणाली. "नाहीतर गुन्हेगारांचं होतं, ते ठसे घासून काढतात." मग तिने त्याला एका खोलीत बसवून जड खोकं कसं उचलावं याची चित्रफीत दाखवली. दुसरीच्या वर्गात खोकं कुठून येणार, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने चित्रफीत संपेपर्यंत गुडघे वाकवून सरावसुद्धा केला. असा माणूस. अन्यायाविरुद्ध उठायचं म्हटलं तरी हा आधी गुडघे नीट वाकवील.

सोमवारी ब्रिटाने त्याला वर्गाच्या दारात थांबवलं. उंबऱ्यावर पिवळी पट्टी चिकटवलेली होती.

"बाबा, नीट ऐक. या पट्टीच्या आत तुला इंग्रजी येत नाही. बाईंनाही येत नाही. कुणालाच येत नाही. मैदानावर गेलो तरी नाही. आणि ती बघ." तिने शेल्फकडे बोट दाखवलं. तिथे काचेची मोठी बरणी होती, घेवड्याच्या दाण्यांनी गळ्यापर्यंत भरलेली. "इंग्रजी न बोलता तास गेला की एक दाणा आत. कुणी बोललं की मूठभर बाहेर. सप्टेंबरपासून भरतोय आम्ही. ही बरणी शुक्रवारी भरणार, आणि भरली की आख्खा वर्ग टेकडीवर घसरगाड्या घेऊन जाणार. तू काही करू नकोस. फक्त बस."

"मी काय करणार आहे?"

"तेच म्हणतेय मी," ब्रिटा म्हणाली, आणि पट्टी ओलांडून परकी झाली.

बाई कोलंबियाच्या. नाव हिमेना, पोरं त्यांना 'माएस्त्रा', म्हणजे बाई, म्हणत. आदल्याच दिवशी दुकानासमोर त्यांची गाडी थंडीने बसली होती आणि लायलने तारा जोडून सुरू करून दिली होती. तेव्हा दोघं झकास इंग्रजीत बोलले होते: बॅटऱ्या, हिवाळा, बाईंच्या आईचे गुडघे. आता पट्टीच्या आत लायल हसून इंग्रजीत "गुड मॉर्निंग" म्हणणार, तेवढ्यात बाईंनी त्याच्याकडे अशा निर्मळ नजरेने पाहिलं, जणू इंग्रजी नावाची भाषा या पृथ्वीवर अजून जन्मायची आहे. पोरांना ठाऊक होतं की बाईंना येते. पोरांना ठाऊक आहे हे बाईंना ठाऊक होतं. पण अख्खा वर्ग हे नाटक एवढ्या निष्ठेने करत होता, की आमच्या चर्चमध्येसुद्धा तेवढी निष्ठा दिसत नाही.

बाईंनी एक चांगली, मोठ्या माणसाची खुर्ची पुढे केली आणि स्पॅनिशमध्ये विचारलं, बसता का?

"नो, ग्रासियास," लायल म्हणाला.

इथेच त्याचा घात झाला. आमच्याकडे पहिली 'नाही' ही नाही नसतेच. पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा 'कशाला उगाच त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अगदी थोडं' म्हणून दोनदा वाढून घ्यायचं. लायलच्या आजीने आजोबांना लग्नाला दोनदा नको म्हटलं होतं, आणि आजोबा तिसऱ्यांदा विचारायच्या आधी गाईला चारा घालायला गेले, तर आजी गोठ्यापर्यंत मागे पळत गेली होती. या घराण्यात पहिल्याच खेपेला कुणी हो म्हटल्याची नोंद नाही.

पण या वर्गाचा कायदा वेगळा. इथे पोर जे बोलेल ते खरं धरायचं. पाणी म्हणालं की पाणी, नको म्हणालं की नको. नाहीतर शब्दांनी काही होतं यावर पोराचा विश्वास कसा बसणार? बाईंनी मान डोलावली आणि खुर्ची परत नेली. लायल दुसऱ्या आमंत्रणाची वाट पाहत जेवणाच्या सुटीपर्यंत उभा राहिला. पाय भरून आले, पण चेहरा असा ठेवला की उभं राहणं ही माझी आवड आहे. पडलो तरी नाक वर. हा तर पडलाही नव्हता, पडायला खुर्ची कुठे होती?

जेवणाच्या वेळी बाईंनी विचारलं, सूप घेता? नो, ग्रासियास. ब्रेड? नो, ग्रासियास. लायलच्या समोर वर्गभर पोरं सूप भुरकत होती आणि त्याच्या पोटातून निघणाऱ्या आवाजाला कुठलीच भाषा नव्हती, म्हणून तेवढा नियमात बसला.

मंगळवारी उणे वीस. मैदानावर जायचं म्हणजे प्रत्येक पोराला फुगीर विजार, बूट, हातमोजे, टोपी, आणि सगळं चढवून झालं की एकाला शू. लायल गुडघ्यांवर बसून चेन ओढत होता. 'आयुदा?' बाईंनी विचारलं, म्हणजे मदत हवी का, आणि त्याने नो, ग्रासियास म्हटलं. (गुडघे वाकवलेले, पाठ ताठ. लव्हॉनची चित्रफीत वाया गेली नाही.) एका पोराचे दोन्ही पाय त्याने विजारीच्या एकाच पायात घातले आणि ते पोर शेवाळात अडकलेल्या माशासारखं कोलमडलं. शेवटी सगळी बाहेर गेली, आणि या गडबडीत लायल स्वेटरवरच बाहेर आला. बाईंनी दारातून त्याचा कोट वर धरून काहीतरी विचारलं.

हो, बरोबर. तेच म्हणाला तो.

दार बंद झालं. लायल बगलेत हात खुपसून मैदानावर नाचू लागला. त्याच वेळी कुंपणापलीकडे व्हर्जिलची गाडी थांबली.

"लायल! कोट कुठाय तुझा?"

लायलने तोंड उघडलं. भोवती वर्गातली पोरं जमली. सगळ्यांच्या डोळ्यांत घेवडा. सर्वांत पुढे ब्रिटा, श्वास रोखून.

"ओला," लायल म्हणाला. म्हणजे नमस्कार.

"काय?"

"ओला," लायल पुन्हा म्हणाला, दात वाजवत, आणि निळ्या ओठांनी हसला.

व्हर्जिलने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, टोपी काढली, परत घातली, आणि सावकाश निघून गेला.

संध्याकाळपर्यंत गावात पोचलं, की लायल हौगेनला मेंदूचा झटका आला, बोलणं गेलं, आणि शाळेने त्याला दयेपोटी मैदानावर ठेवून घेतलंय. आता आमच्या गावात दुःखद बातमी आली की कुणी काही विचारत नाही, हॉटडिश आणतात. खिम्यावर बटाट्याचे गोळे रचून भाजलेलं एक तबक. व्हर्जिलच्या बायकोने, ग्लेनिसने, पहिलं आणलं. मार्ना दोनदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा घेतलं. का आणलं, ते मार्नाने विचारलं नाही. ग्लेनिसने सांगितलं नाही. बुधवारी आणखी तबकं आली. प्रत्येक जण दारातून आत डोकावून लायलकडे बघून मान हलवी आणि मोठ्याने, सावकाश म्हणे, "क-सं वा-ट-तं-य?"

"बरं आहे," लायल म्हणे.

"धीराचा आहे हो," ते मार्नाला म्हणत.

बुधवारी वर्गात गणित. लायलला सर्वांत कच्च्या गटात बसवलं, म्हणजे चटईवर. गटप्रमुख होती यारेली, कारखान्यातल्या एका बाईची मुलगी, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. तिची स्पॅनिश घरचीच, त्यामुळे या वर्गात तिचं राज्य होतं. तिने लायलच्या पुढ्यात ठोकळे मांडले आणि मोठ्याने, अगदी सावकाश, एकेक शब्द तोडून विचारलं, नवातून दोन गेले किती?

उत्तर सात. नेमका सात. घराण्याचा शत्रू. लायलने बोटं वर केली. यारेलीने मान हलवली: बोटं नाहीत, शब्द. त्याने घाम पुसला. तिने आणखी मोठ्याने विचारलं, आणखी सावकाश, जणू तो बहिरा. हा सूर आपण कुठे ऐकलाय, असं लायलला वाटलं, आणि कुठे ते आठवल्यावर त्याचे कान लाल झाले. शेवटी तिनेच त्याच्या कानात तो शब्द सांगितला, त्याने म्हटला, आणि तिने त्याच्या स्वेटरवर एक चकचकीत बेडूक चिकटवला. विमा कचेरीत त्याला वीस वर्षांच्या सेवेबद्दल एक पितळी घड्याळ मिळालंय. ते माळ्यावर आहे. बेडूक मात्र त्याने रात्री पायजम्यावर लावला.

गुरुवारी मात्र त्याला उभं राहवेना. कुणाचं लक्ष नाही असं पाहून तो हळूच पोरांच्या एका चिमुकल्या खुर्चीवर टेकला. खुर्चीला हात होते. लायलला कंबर होती. दोघांचं जमलं, आणि मग सुटेना.

यारेलीने पाहिलं. मदत हवी का, तिने विचारलं.

"नो, ग्रासियास," लायल म्हणाला, आणि खुर्चीसकट उठला.

मागे वळला तेव्हा खुर्चीचे पाय शेल्फला लागले. शेल्फ हललं. बरणी कडेपर्यंत सरकली, डुलली आणि सुटली. लायल हौगेनने आयुष्यात कधी चेंडू झेलला नव्हता, पण ती बरणी त्याने झेलली, छातीशी, दोन्ही हातांनी, एक दाणा न सांडता. आणि झेलताना तो ओरडला. स्वच्छ, खणखणीत, अमेरिकन इंग्रजीत:

"अरे देवा, बरणी!"

वर्ग दगड झाला.

आता पेच पडला तो धर्माचा. बाईंना इंग्रजी येत नाही. मग कुणी इंग्रजी बोललं हे त्यांना कळणार कसं? आणि कळलं नाही तर दाणे काढणार कसे? बाईंनी खिडकीबाहेर बर्फाकडे अत्यंत रस घेऊन पाहायला सुरुवात केली. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. एक शब्द कुणी काढला नसता तर बरणी वाचली असती. आणि गप्प बसणं तर आमच्या रक्तात.

ब्रिटा उठली. कमरेला खुर्ची लटकवून उभ्या असलेल्या बापापाशी आली, त्याच्या हातातल्या बरणीत हात घातला, आणि मूठ भरून दाणे बाहेर काढून बाईंच्या टेबलावर ठेवले. मग जाग्यावर जाऊन बसली. बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

खुर्ची नंतर शाळेच्या सुताराने काढली. त्याबद्दल न बोललेलं बरं.

संध्याकाळी टेबलावर कुणाकुणाची हॉटडिशं होती आणि कुणालाच भूक नव्हती.

"उद्या मी नाही येत," लायल म्हणाला. "तू एकटी कर. तेच चांगलं."

ब्रिटाने काट्याने बटाट्याचा गोळा फिरवला. "बाबा, तू नाही म्हणतोस तेव्हा खरंच नाही असतं का?"

लायलने मार्नाकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," मार्ना म्हणाली. "मी सतरा वर्षं अंदाज बांधतेय."

"वर्गात ज्याला जे पाहिजे ते तो सांगतो," ब्रिटा म्हणाली. "सोपं असतं. घरी अवघड आहे." आणि ती झोपायला गेली.

शुक्रवारी लायल गेला. आजीचा गोल विजेचा तवा, लांब चपटी काठी, आणि उकडलेल्या बटाट्यांची कणीक घेऊन. दोघं मिळून लेफ्से करून दाखवणार होती, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, आमच्याकडे नाताळात करतात ती. ब्रिटा बोलणार, तो लाटणार, आणि मधे त्याची चार वाक्यं. ती त्याने आंघोळीत, गाडीत, कुत्र्यासमोर घोकली होती. कुत्र्याला पाठ झाली होती.

तो वर्गासमोर उभा राहिला आणि चारही वाक्यं निघून गेली. जाताना दिवासुद्धा घालवून गेली.

ब्रिटाने आपलं म्हटलं, छान म्हटलं, आणि बापाकडे पाहिलं. लायलने लाटायला घेतलं. पोळी लाटण्याला चिकटली. ओढली, तर फाटली. फाटलेली काठीवर घेतली, तर काठीला लोंबकळली. तवा धुरायला लागला.

मदत हवी का, बाईंनी विचारलं.

"नो, ग्रासियास." जीभच ती. पिढ्यान्पिढ्यांची. बाई खाली बसल्या.

दुसरी पोळी कोटाच्या बाहीला लागली. यारेलीने विचारलं, मदत?

"नो, ग्रासियास."

यारेलीने खांदे उडवले. लायल थांबला. दोनदा झालं होतं. आता तिसऱ्यांदा. तो तिसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत, हात पिठात, घाम नाकावर, उभा राहिला. आणि तेव्हा त्याला उमगलं, की या खोलीत तिसऱ्यांदा कुणीच विचारत नसतं. इथे त्याच्या 'नाही'वर सगळ्यांचा विश्वास आहे. तो असाच उभा राहील, तवा जळेल, घंटा होईल, आणि सगळी जण आदराने घरी जातील.

ब्रिटा खाली बुटांकडे बघत होती.

त्या आठवड्यात लायलला एकच शब्द पुन्हापुन्हा विचारला गेला होता: चेनपाशी, खुर्चीपाशी, तव्यापाशी. दरवेळी त्याने तो परत पाठवला होता. आता त्याने तो काढला. कुणी विचारलेलं नसताना, सगळ्यांदेखत.

"आयुदा," तो लेकीला म्हणाला. मदत. आणि हौगेन घराण्यात यापूर्वी न ऐकलेली गोष्ट म्हणून वर आणखी एकदा म्हणाला, "आयुदा, ब्रिटा."

ब्रिटाने मान वर केली. मग ती बाह्या सरसावत आली, तवा मंद केला, लाटण्यावर पीठ भुरभुरवलं, आणि मागे वळून वर्गाला एक हुकूम सोडला. अख्खा वर्ग धावून आला. यारेलीने कणकेचा गोळा हिसकावून घेतला आणि तळव्यांवर थापटून थापटून असा गोल केला की लाटण्याची गरजच उरली नाही. पोळ्या जाड झाल्या, वाकड्या झाल्या, काही नकाशासारख्या झाल्या. लोणी-साखर लावून सगळ्या संपल्या. लायल कणभर इंग्रजी बोलला नाही. किती पोळ्या खाल्ल्यास, असं यारेलीने विचारलं, तेव्हा त्याने सात हा आकडा न अडखळता म्हणून दाखवला.

बरणी भरली नाही. ब्रिटाच्या मुठीएवढी खाली राहिली. घसरगाड्या भिंतीशी तशाच उभ्या राहिल्या, आणि पोरं त्यांच्याकडे बघत कोट चढवू लागली.

घंटा झाल्यावर बाई पिवळी पट्टी ओलांडून बाहेर आल्या आणि झकास इंग्रजीत म्हणाल्या, "गाडी आता उत्तम चालू होते. थँक्यू हं. आईचे गुडघे मात्र तसेच."

ब्रिटाने त्याचा हात धरला.

"बाबा, बरणी बहुतेक पुढच्या शुक्रवारी भरेल. टेकडीवर मोठं माणूस लागतं बरोबर. येशील?"

"येईन," लायल म्हणाला.

ब्रिटा थांबली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "खरंच येशील?"

"खरंच."

"मग कोट आण."

घरी आले तर दारात व्हर्जिल उभा, हातात ग्लेनिसचं नवं तबक, चेहऱ्यावर स्मशानातली कळा. "लायल," तो मोठ्याने, सावकाश म्हणाला, "थो-डं हॉ-ट-डि-श घे-शी-ल?" आणि नकार ऐकायच्या तयारीने एक पाय मागे घेतला.

"हो," लायल म्हणाला. "भूक लागलीय. दे." आणि तबक काढून घेतलं.

व्हर्जिलचे हात तसेच हवेत राहिले. मग तो वळला आणि बर्फातून स्वतःच्या घराकडे चक्क पळत सुटला.

"ग्लेनिस!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा तो ओरडला. "पहिल्याच खेपेला हो म्हणाला गं! डॉक्टरला फोन लाव!"